मागच्या खोलीपर्यंत वायर

९ ऑक्टोबर २०२५

डॉक्टरबाईंनी निळी वही ठेवायला सांगितली आहे. ह्यांचं वजन, किती घास गेले, किती वेळा ठसका लागला, मास्क किती तास लावला, हे त्यात रोज लिहिते. अंगणवाडीत सतरा वर्षं रजिस्टरं भरली, तेव्हा ते काही जड नाही. ही दुसरी वही लेकीच्या, तेजलच्या कॉलेजची, अर्धी कोरी उरलेली. ही कोणाला दाखवायची नाही.

आज गुरुवार, डॉक्टरबाईंच्या व्हिडिओ कॉलचा दिवस. त्या मुंबईला असतात. जूनमध्ये ह्यांना गाडीतून नेलं तर परत आणेपर्यंत अर्धे झाले होते, म्हणून आता पंधरा दिवसांनी कॉलवरच बघतात. एकतीस वर्षं विजेच्या खांबावर चढलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी हातातून पकड सुटायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं मानेचा मणका असेल, निघाला नसा मरत जाण्याचा आजार. आता हात गेले, मान गेली, बोलणंही गेलं. डोकं मात्र लख्ख आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली एक बटण बसवून दिलंय. लॅपटॉपवर अक्षरं एकेक उजळत जातात, हवं ते आलं की हे बटण दाबतात. एका शब्दाला कधी पाच मिनिटं लागतात. मग लॅपटॉप तो शब्द मोठ्याने वाचतो. आवाज बाईचा आहे, मराठीत पुरुषाचा मिळाला नाही.

कॉल नीट लागला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सहदेव, आता पुढच्या एका निर्णयाबद्दल तुमच्याशी बोलायचंय. श्वासाचे आकडे उतरतायत. पुढे गळ्यातून..." आणि चित्र थिजलं. नेहमीचंच. ह्यांच्यासाठी मागच्या अंगणात नवी खोली बांधली, संडास-बाथरूम जोडून, उंबरा न ठेवता. नेटचा डबा मात्र पुढच्या घरात, रस्त्याच्या बाजूला. मध्ये जांभ्या दगडाच्या, चिऱ्याच्या भिंती. तिथून वायफाय मागे येतं ते धापा टाकतच येतं.

मी मोबाईल घेऊन पुढच्या घरात पळाले आणि तिथून कॉल पुरा केला. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मोठं मशीन लावायचं की नाही, हे ठरवायला हवं म्हणाल्या. आत्ताचं मास्कचं मशीन फार दिवस पुरणार नाही. मी म्हटलं, लावायचं, त्यात विचारायचं काय? तर म्हणतात, "ते त्यांनी ठरवायचंय, राजश्रीताई. लिहून पाठवलेलं मला चालणार नाही. मी त्यांच्याकडे बघून विचारणार."

मागे आले तर हे दाराकडे डोळे लावून होते. मी म्हटलं, विशेष काही नाही, औषधं तीच चालू ठेवा म्हणाल्या.

ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवायला लावलं. दमले असतील.

१३ ऑक्टोबर

तेजलने ठाण्याहून नेट लांब फेकणारा दुसरा डबा पाठवला होता, तो मधल्या खोलीत लावला. चार दिवे लागले, मागे नेट आलं नाही ते नाहीच. पुढच्या घराचा चिरा ह्यांच्या आज्यानेच काढलेला, हातभर जाडीचा.

संध्याकाळी ह्यांनी एकच शब्द लिहिला. वायर.

मी म्हटलं, कसली वायर? परत तोच शब्द. मग लिहिलं, डब्यातून इथपर्यंत. मग दमले.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. सहा महिन्यांत ह्यांनी काही मागितलंच नव्हतं. माणूस काही मागतो म्हणजे त्याला अजून हवं असतं.

१७ ऑक्टोबर

कमळाकाकींना ह्यांच्याजवळ बसवून हातखंब्याहून एसटीने रत्नागिरीला गेले. काकी शेजारच्या, सत्तरीच्या, पण ठसका लागला तर काय करायचं ते माझ्याइतकंच त्यांना कळतं. मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटरच्या सामानाचं एक दुकान आहे, अनिल म्हणून कोणी चालवतो. म्हटलं, नेटची वायर द्या, पन्नास मीटर.

"कॅट फाईव्ह ई देऊ की सिक्स? सेव्हनपण आहे."

मला काय कळणार? म्हटलं, चांगली द्या. त्याने राखाडी रंगाचं वेटोळं दिलं, वर कॅट सिक्स छापलेलं. दोन्ही टोकांना क्लिपा बसवून दिल्या.

घरी आल्यावर ह्यांना दाखवलं. ह्यांनी बघितलं आणि लिहिलं, सोल. वायर सोलायची. नव्या वायरीचं एक टोक कापायला जिवावर आलं, पण कापलं. आत रंगीत आठ तारा. एक सोलली, आत तांबं दिसलं. म्हटलं, झालं समाधान? ह्यांनी लिहिलं, खरवड. विळीच्या पात्यावर तार खरवडली. वरचं तांबं निघालं आणि आतून पांढरी निघाली. भांड्याला कल्हई असते तसं नुसतं वरून तांबं, आत ॲल्युमिनियम.

ह्यांनी लिहिलं, परत.

मला रडायला आलं. नाक्यापर्यंत चालत, मग एसटीची वाट; दोन तास जायला, दोन तास यायला. मान उचलता येत नाही, पण माझी चूक मात्र बरोब्बर सापडते. मी म्हटलं, "चालतंय ना नेट? मग आतून काही का असेना." ह्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की संपलं, मग मी कितीही बोलले तरी ह्यांच्या बाजूने दार बंद. आमच्या घरात हल्ली भांडणं अशी होतात.

२४ ऑक्टोबर

कालचा कॉल पुढच्या घरातून मी एकटीनेच केला. डॉक्टरबाई दोनदा म्हणाल्या, "त्यांना समोर आणा ना." खुर्ची पुढे आणायची तर तीन पायऱ्या, चार माणसं लागतात. दिवाळीला वाडीत माणसं होती, पण ह्यांना तसं उचलून नेलेलं आवडत नाही. मी म्हटलं, ते झोपलेत.

झोपले नव्हते.

२७ ऑक्टोबर

वायर बदलून आणली. अनिलने आधी तोंड वाकडं केलं. "वहिनी, सगळे हीच नेतात. कोणाची तक्रार नाही." मी पदरात बांधून नेलेला तारेचा तुकडा काचेवर ठेवला आणि नखाने दाखवलं. त्याने तुकडा उचलून उजेडात धरला.

"कोणी सांगितलं तुम्हाला खरवडायला?"

"आमचे हे लाईनमन होते. आजारी आहेत. चाळीस मीटर न्यायची आहे, मागच्या खोलीत, मध्ये उघडं अंगण."

मग तो नीट बोलायला लागला. उन्हापावसाला बाहेरची काळी वायर हवी, तिचं साल जाड असतं. पूर्ण तांब्याची हवी. शंभर मीटरच्या आत आहे म्हणून जोर कमी होणार नाही. आत पातळ पत्र्याचं वेष्टण असलेली पण दाखवली. घरी फोन लावला, काकींनी मोबाईल ह्यांच्यापुढे धरला. वेष्टणाची घेऊ का विचारलं. बराच वेळ काही नाही, मग लॅपटॉपचा तो बाईचा आवाज आला, "अर्थिंग नाही. साधी." अनिल हसला. म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. अर्थिंग नसेल तर ते वेष्टण नुसतं नावाला."

मग पाच ई की सहा? ह्यांचं आलं, "पाच ई पुरे."

मी सहा घेतली. पुढे मोठं मशीन येईल, डॉक्टर रोज बघतील, काय काय लागेल. ह्यांच्या बाबतीत पुरे असं काही मला घ्यायचं नव्हतं. अनिलने टेस्टर नावाची दिव्यांची डबी वापरायला दिली, काम झालं की आणून द्या म्हणाला.

घरी सांगितलं, पंचवीस वर्षं टिकेल असं दुकानदार म्हणतो. हे हसायला लागले. ह्या आजारात हसू येतं ते थांबत नाही. हसता हसता ठसका लागला, मास्क लावावा लागला.

४ नोव्हेंबर

ह्यांनी दुपारभर खपून लिहिलं, "मशीन नको."

मास्क नाकाच्या हाडावर घासतो, तिथे लाल झालंय. मी पट्टे सैल केले, खाली कापूस लावला. विचारलं, आता बरंय? ह्यांनी परत तेच लिहिलं. मी कापूस बदलला.

निळ्या वहीत लिहिलं, मास्कचा त्रास.

१२ नोव्हेंबर

खणायला घेतलं. अनिल म्हणाला होता, माणूस पाठवतो. ह्यांनी लिहिलं, तू कर. मी म्हटलं, मला जमेल का? परत, तू कर.

तर रोज सकाळी ह्यांची आंघोळ, घास, सगळं उरकून ह्यांना खुर्चीत बसवून दारात आणते आणि समोर खणते. वीतभर मातीखाली कातळ. पहारीचा आवाज सगळ्या वाडीला जातो.

कमळाकाकी येऊन उभ्या राहिल्या. "काय गो राजश्री, येवढ्या उन्हात? इहीर काढतेस की काय?"

"वायर टाकायचीय, काकी. ह्यांचा हुकूम."

"आणि हा साहेबासारखा बसलाय बघ खुर्चीत! काय रे सहदेवा, बायकोला कामाला लावलंस?"

ह्यांचे डोळे हसले. काकींनी पदर खोचला आणि टोपलीने माती बाजूला करायला लागल्या. किती दिवसांनी आमच्या अंगणात असं झालं.

विजेच्या लाईनीच्या बाजूने खणत होते तर ह्यांनी बटण दाबून दाबून हाक घातली. लांब. एक फूट लांब. अर्धा चर बुजवून दुसरीकडे घेतला. पिवळ्या पाईपातून वायर न्यायची, कोपऱ्यात काटकोनात मोडायची नाही, ओढायची नाही, ढकलत न्यायची. हे सगळं अक्षर अक्षर करून. ह्यांच्या हाताखाली किती पोरं शिकली असतील, मी कधी बघितलं नव्हतं. मी फक्त डबा भरून द्यायची.

२१ नोव्हेंबर

काल परत कॉल पुढच्या घरातून. श्वासाचा आकडा आणखी उतरला. डॉक्टरबाईंचा आवाज जरा चढला होता. "ताई, अचानक श्वास अडकला आणि तुम्ही रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलंत तर तिथले लोक लगेच नळी घालतील. मग मागे येता येत नाही. त्याआधी मला त्यांचं मत हवं."

मी सांगितलं, त्यांचं मत माझ्यासारखंच आहे. आम्ही बोललोय.

तेजललाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा लढणारे आहेत, आई. आपण सगळं करायचं." हो म्हटलं.

ह्या वहीत तरी खरं लिहिते. आम्ही बोललो नाही. मी विचारलंच नाही. विचारलं आणि नको म्हणाले तर मी काय करू?

२ डिसेंबर

वायर दोन्ही खोल्यांत आली. आता टोकांना क्लिपा. पाईपातून न्यायची म्हणून दुकानातल्या क्लिपा कापायला लागल्या होत्या. काचेसारखी इवलीशी टोपी, तिच्यात आठ तारा ओळीने सरकवायच्या आणि पकडीने दाबायच्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. अंगणवाडीत मुलांना बडबडगीत शिकवायचे तसं म्हणत बसते.

पाच टोप्या वाया गेल्या. तारा आत जाता जाता जागा बदलतात. चष्मा लावून, चष्मा काढून, सगळं केलं. शेवटी म्हटलं, "अनिलच्या माणसाला बोलावते. मीच का म्हणून?"

ह्यांनी लिहिलं, "नंतर."

म्हटलं, बरं, नंतर सांगा. पण सांगितलं नाही.

५ डिसेंबर

टेस्टर लावला. एक ते सहा दिवे ओळीने लागले, सातवा आणि आठवा उलटे. पुढच्या टोकाला दोन तपकिरी तारांची अदलाबदल झालीय. मी म्हटलं, सहा लागतायत ना, चालेल. ह्यांनी डोळे मिटले. आता मला कळतं. कापलं आणि परत केलं.

उद्या सहा डिसेंबर. तेजल चैत्यभूमीला जाणार, पप्पांसाठी मेणबत्ती लावते म्हणाली.

८ डिसेंबर

आठही. एकापाठोपाठ एक, आठही.

मी खुर्चीजवळ जाऊन डबी ह्यांच्या डोळ्यांपुढे धरली. तीनदा दाखवली. मग लॅपटॉपला वायर लावली आणि तेजलला कॉल केला. ती समोर आली ती अशी की तिच्या गळ्यातली साखळी दिसत होती. अर्धा तास बोलली. एकदाही अडकली नाही. "आई, तू केलंस हे? तू?" मग ह्यांच्याकडे बघून रडायला लागली. ह्यांनी लिहिलं, "हुशार आहे आई."

लॅपटॉपने ते वाचलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. बाईच्या आवाजात का होईना, पहिल्यांदा ऐकलं.

काकींनी अळूवड्या आणल्या. ह्यांना फक्त वास दिला.

१४ डिसेंबर

हे दिवसभर काहीतरी लिहितात. मी जवळ गेले की बटण दाबून पडदा बंद करतात. मी गंमत केली, "कोणाला चिठ्ठी लिहिताय?" हसले नाहीत. जानेवारीत तेजलचा वाढदिवस आहे, तिच्यासाठी असणार. अंगठ्याला घट्टा पडलाय, तेल लावते.

१९ डिसेंबर

कालचा कॉल झाला नाही, ह्यांना ताप होता. खरं म्हणजे ताप सकाळी होता, दुपारी उतरला होता. मीच मेसेज केला, आज नको. एक तारखेला डॉक्टरबाई सुट्टीवर. म्हणजे पुढचा पंधरा जानेवारीला.

हे दोन दिवस माझ्याकडे बघत नाहीत.

६ जानेवारी २०२६

वजन एकेचाळीस. घास जात नाही, आता पेज पण गाळून. बोट धरून बघितलं तर हाडाला हाड लागतं. लिहिणं मात्र चालू. अंगठा इतका हळू चालतो की एक अक्षर चुकलं तर चक्र फिरून येईपर्यंत मीच श्वास धरून बसते.

१५ जानेवारी

लिहायला हवं. आजच लिहिलं नाही तर उद्या मी ते वेगळं करून लिहीन.

साडेअकराला कॉल. ह्यांना दाढी करून हवी होती, केली. निळा शर्ट घातला. डॉक्टरबाई समोर आल्या, अगदी खोलीत आल्यासारख्या. "अरे वा, आज किती स्पष्ट दिसताय सहदेव."

मी तोंड उघडलं तोच ह्यांनी बटण दाबलं. लॅपटॉप वाचायला लागला. बाईचा तो आवाज, मध्ये न थांबता.

"डॉक्टर, जयभीम. मी सहदेव बोलतो. आजवर बायको बोलली. तिने माझी सेवा केली त्याला तोड नाही, पण ती माझं म्हणणं सांगत नाही. मला गळ्याला भोक नको. मोठं मशीन नको. मी एकतीस वर्षं या भागाची लाईन बघितली. आमच्या वाडीची लाईन पावसात दोन दोन दिवस जाते. ती जोडणारा मीच होतो. मशीन बंद पडलं की ही हाताने श्वासाचा फुगा दाबत बसेल. एक दिवस हिचा डोळा लागेल आणि मी जाईन, आणि ही..."

तिथे मी वायर काढली.

ठरवून नाही. लॅपटॉपच्या कडेला माझीच क्लिप होती, तिची जीभ बोटाखाली आली आणि दाबली. लॅपटॉप पुढचं वाचतच राहिला, पण डॉक्टरबाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजल्या. खोलीत तो आवाज एकटाच बोलत होता. "...आणि ही जन्मभर स्वतःला मारेकरी समजेल. तसं करू नका."

मग तो पण थांबला.

हे माझ्याकडे बघत होते. रागाने बघितलं असतं तर मी टिकले असते. हे नुसतं बघत होते, चुकीची तार धरलेल्या नव्या पोराकडे बघावं तसं, की आता ह्याचं ह्यालाच कळेल. मी म्हटलं, "अहो, मी दाबीन ना फुगा. मला झोप नको. काकी आहेत, तेजल येईल." ह्यांनी बटण दाबलं नाही. काही लिहिलं नाही. जे लिहायचं ते लिहून झालं होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर काकींच्या कोंबड्या माती उकरत होत्या. मी वायर परत लावली. टक्क वाजलं. डॉक्टरबाई परत आल्या. "लाईन गेली होती का?"

मी म्हटलं, "नाही. मी काढली होती."

त्या पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "सहदेव, परत ऐकवाल?" ह्यांनी परत ऐकवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक अक्षर तुटलं नाही. डॉक्टरबाईंनी तीन प्रश्न विचारले, ह्यांनी तिन्हींना डोळ्यांनी हो म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. मास्क चालू राहील, धाप कमी व्हायचं औषध देतील, बाकी काही नाही. दवाखान्यात दाखवायचा कागद पाठवतात म्हणाल्या.

४ नोव्हेंबरला "मशीन नको" लिहिलं तेव्हा मला काय कळलं होतं, हे मला आता नक्की सांगता येत नाही.

१८ जानेवारी

तीन दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पाणी देऊ का, कूस बदलू का. आज पाठ पुसताना हे लहान मुलासारखे कण्हले आणि माझा सगळा राग गेला. राग होता तेव्हा बरं होतं, निदान काहीतरी धरायला होतं.

तेजलला सांगितलं. सगळं सांगितलं, वायर काढली तेसुद्धा. मला वाटलं ती समजून घेईल.

मग म्हणाली, "काढली होतीस ना? मग परत का लावलीस?"

३० जानेवारी

तेजल दोन दिवस येऊन गेली. ह्यांचे पाय धरून म्हणाली, "पप्पा, माझ्यासाठी हो म्हणा." ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हो आलं नाही. ती गेली तेव्हा मला न सांगता गेली. काकी तिला नाक्यापर्यंत सोडून आल्या आणि म्हणाल्या, "रागावू नको गो. पोर हाय."

११ फेब्रुवारी

दिवसालाही मास्क. औषधाने झोपून असतात. जागे असले की बटणाकडे डोळे. मी अंगठा बटणावर नेऊन ठेवते. कधी दाबला जातो, कधी नाही.

डॉक्टरबाई आता दर दोन दिवसांनी बघतात. कॉल एकदाही तुटत नाही. त्या बघतात, मी बघते. करायचं काही नाही.

१७ फेब्रुवारी

विचारलं, काही हवंय? ह्यांनी डोळ्यांनी नाही म्हटलं. विचारलं, मी चुकले का? डोळे मिटले. रागाने मिटले की दमून, ते विचारायला तोंड नव्हतं.

२२ फेब्रुवारी

काल सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

मी पेज गाळत होते. काकी जवळ होत्या. त्यांनी हाक मारली तेव्हा मी आधी गॅस बंद केला आणि मग गेले. का तसं केलं ते कळत नाही. श्वास होता, मग नव्हता. तडफड झाली नाही. ह्यांना हवं तसंच झालं.

तेजल दुपारी चारला पोचली. तोवर ह्यांना न्यायचं थांबवलं होतं.

९ मार्च

सगळं उरकलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वीजमंडळातली ह्यांच्या जुन्या लाईनीची माणसं आली होती. तेजल माझ्याशी लोकांसमोर बोलली, लोक गेल्यावर नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेली.

आज तिचा फोन आला. तिचा तिने केला, म्हणून मी हातातलं काम टाकून उचलला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलं, "पप्पांनी माझ्यासाठी काही लिहिलं होतं का? लॅपटॉपमध्ये बघ."

फोन ठेवून मी बघितलं. डॉक्टरबाईंसाठी लिहिलेलं होतं, ते पूर्ण. आणि वीस फेब्रुवारीचं एक होतं, मला माहीत नव्हतं. काकी बसल्या होत्या तेव्हा कधीतरी केलं असेल. त्यात दोनच शब्द होते.

तेजू तू

क्षणभर मनात आलं की पुढचं मी लिहावं. ह्यांनी काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे, अठ्ठावीस वर्षं मी ह्यांचं ऐकलंय. मी सहज लिहिलं असतं आणि पोरीला झोप लागली असती. मी हात मागे घेतला. पडद्याचा फोटो काढून तिला पाठवला आणि फोन लावला.

"पुढचं?" ती म्हणाली.

"पुढे नाही काही."

"असं कसं? डॉक्टरला एवढं मोठं लिहिलं. मला दोन शब्द?"

"ते लिहायला त्यांना महिना लागला, तेजू. हे शेवटच्या दिवसांतलं आहे. अंगठा उचलत नव्हता."

मग अगदी हळू म्हणाली, "तू पुसलंस."

"नाही ग."

"तू वायर काढतेस. तू त्यांच्या नावाने डॉक्टरला सांगतेस. मला तू काय सांगत होतीस इतके महिने? पुढे तुझ्याबद्दल काहीतरी असणार. तू पुसलंस."

मी म्हटलं, "तेजू, मी नाही पुसलं." परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मोबाईल कानापासून लांब धरून बघितला. तिने केव्हाच ठेवला होता.